आनंदीचा आवाज कुणाचा?

मी एक जुना रेकॉर्डर आहे, मित्रांनो. मुठीत मावणारा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला. जन्म कारखान्यात झाला, पण माणसं मला कळली ती सुरतेच्या कापडबाजारात. तिथला एक दलाल मला खिशात लपवून सौद्याला बसे. समोरचा विश्वासानं बोले, मी ते टिपून घेई, आणि पुढे तेच बोलणं त्याच्या गळ्याशी येई. तेव्हापासून मी मनाशी धरून चाललो की, जो माझं बटण दाबतो त्याच्या पोटात काहीतरी असतं.

म्हणून सुरतेतल्याच उधन्याच्या मराठी शाळेतल्या धनश्रीबाईंनी मला जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं, तेव्हाही मी सावधच होतो. एका संस्थेनं शिक्षकांना छोट्या संशोधनासाठी अनुदान दिलं होतं. पहिलीतली मुलं वर्गात गप्प का बसतात, हा बाईंचा विषय. मुलं खानदेशी घरांतली. घरी अहिराणी बोलणाऱ्यांना पुस्तकातली मराठी परकी वाटत असेल, असा बाईंचा अंदाज होता.

सर्वांत गप्प होती आनंदी. बाई मला घेऊन तिच्या खोलीवर गेल्या. तिची आई रंजना साड्यांना टिकल्या लावत बसली होती. मला पाहताच तिचा हात थांबला.

"हाई काय शे, बाई? आम्हना पोरे ढ शेतस, आसं दखाडनं शे ना तुमले?"

पोरांना ढ ठरवायलाच मला आणलं, हा तिचा संशय ऐकून मला वाटलं, ही आई शहाणी आहे.

"नाही हो. तुम्ही इथंच बसा. आधी तुम्हालाच ऐकवते," बाई म्हणाल्या.

त्यांनी मला आनंदीच्या हातात दिलं आणि मोडक्या अहिराणीत तिच्या बापाबद्दल विचारलं. आनंदीनं मला अगदी ओठांजवळ धरलं.

"मना बाप लूमवर काम करस. तठे भलता आवाज ऱ्हास. मी बोलनू का त्याले ऐकू येत नही. मंग मी बोलतच नही."

बाईंनी ते रंजनाला ऐकवलं. तिनं पदर तोंडाला लावला.

आठवड्याभरात संस्थेचे भाईदासभाई शाळेत आले. ऐकून खूश झाले. "सरस! आमच्या समारंभात हेच लावू. पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी येईल."

झालं! मला वाटलं, दलालच परत आला.

पण बाई म्हणाल्या, "आधी तिच्या घरी विचारते."

"अनुदान आमचं आहे, बेन."

"अनुदान तुमचं. आवाज तिचा आहे."

संध्याकाळी बाई मला घेऊन आनंदीच्या घरी गेल्या, तेव्हा तिचा बाप छगन मागाच्या कारखान्यातून आला; तिथल्या खडखडाटानं त्याचे कान मंद झाले होते. त्यानं मला कानाला घट्ट लावलं आणि आवाज पूर्ण वाढवायला लावला. एकदा ऐकलं, पुन्हा ऐकलं. मग खाली मान घालून म्हणाला, "हाई कोनले दखाडू नका, बाई." आणि लेकीला मांडीवर घेऊन आपला कान तिच्या तोंडाशी नेला. ती काय बोलली ते मला माहीत नाही. बाईंनी मला बंद केलं होतं.

बाईंनी ते बोलणं समारंभासाठी दिलंच नाही, आणि पुढच्या वर्षी त्यांना अनुदान मिळालं नाही. मी शाळेच्या कपाटात पडून आहे. सेल तसेच राहिल्यानं आतून गंजू लागलो आहे.

मित्रांनो, वस्तू ठेवून देताना तिचे सेल काढून ठेवत जा. आणि कुणी तुमच्यासमोर माझ्यासारखं यंत्र धरलं, तर कशासाठी ते जरूर विचारा. शंका घेण्यात पाप नाही. तुम्हीही कधी कुणाचा आवाज टिपलात, तर तो जगाला ऐकवण्याआधी त्याच्या घरच्यांना ऐकवा.