न चाखलेलं पातेलं

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात दोन शेगड्या होत्या आणि दोन्हींच्या मध्ये अडीच हात जागा. ती हद्द काकीनं आखलेली. खडूनं नव्हे, नजरेनं. अलीकडची मोठी शेगडी तिची. भात, डाळ, भाज्या, चाळीस म्हाताऱ्यांचं दोन वेळचं. पलीकडची खिडकीखालची छोटी शेगडी विहीणबाईंची. तिच्यावर एकच पातेलं चढायचं, हाडांच्या सुपाचं. माडीवरच्या सहा जणांच्या अंगात काही उरलं नव्हतं, त्यांना डॉक्टरांनी ते लिहून दिलं होतं. जेवायच्या आधी एक एक वाटी, सकाळ-संध्याकाळ.

नवरा गेल्यावर काकीनं गुरूंकडून माळ घेतली, त्याला अकरा वर्षं झाली. त्याआधी ती हाडूक चोखून पांढरं करणारी बाई होती. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तिच्यासमोर काढायची कुणाची छाती नव्हती.

विहीणबाई म्हणजे तिच्या लेकीची सासू. बौद्ध. लेकीनं लग्न स्वतःच ठरवलं, तेव्हा काकीनं दोन महिने अबोला धरला. पुढे लेकीचे गाल वर आलेले बघितले आणि विहिणीला आपल्या हाताखाली कामाला लावून घेतलं. उपकार केल्याचं समाधानही झालं आणि नजर ठेवायची सोयही.

सूप उकळायला लागलं की काकी पदर नाकाला लावायची.

"विहीणबाई, बुद्धाच्या लेकरांनी जीव खायचा, हे कुठलं शहाणपण हो?"

"मारताना पाहिलं नाही, ऐकलं नाही, आपल्यासाठी मारलं असा संशयही नाही, तर पुढ्यात येईल ते खावं. भंतेजी असंच सांगतात."

"म्हणजे डोळे झाकून खायचं."

"तुम्ही नाक झाकून उभ्या राहता, तसंच."

मग दोघी हसायच्या. काकी जरा उशिरा.

आश्रमाचा नियम एकच होता. वर जाणारं प्रत्येक पातेलं आधी कुणीतरी चाखायचं. डाळ-भाजी काकी चाखायची, सूप विहीणबाई. पळीतलं तळहातावर घेऊन जिभेवर टेकवायच्या आणि मान हलवायच्या. मान हलली की पातेलं वर जायचं. इतकी वर्षं त्यात चूक झाली नव्हती.

त्या दिवशी पौर्णिमा होती. पौर्णिमेला विहीणबाई पांढरं लुगडं नेसून आठ शीलं पाळायच्या. दुपारी बारानंतर अन्नाचा कण तोंडात नाही. सकाळचं सूप त्यांनी केलं, चाखलं, वर पाठवलं आणि विहारात जायला निघाल्या. सूप निम्मं उरलं होतं. तिघांना सकाळी भूकच नव्हती.

"हे ओतून द्या. हवा तापलीय, टिकायचं नाही. बर्फाच्या डब्यात हाडं धुऊन ठेवलीत, पाचच्या सुमाराला नवीन टाका. मीठ मी आल्यावर बघते."

काकीनं हो म्हटलं.

विहीणबाई गेल्या आणि ती पातेलं उचलून मोरीपाशी आली. आत चरबीचे सोनेरी ठिपके तरंगत होते. तिच्या मनात आलं, एक जीव यात गेलाय. खाल्ला ते एक पाप, आता तो मोरीत ओतायचा हे दुसरं. हे दुसरं तरी माझ्या हातून कशाला? आणि ती हाडं, तीही हातात घ्यायची, निथळून पाण्यात टाकायची. नकोच ते. तिनं पातेल्यावर झाकण ठेवलं आणि ते शेगडीशेजारच्या ओट्यावर सारलं. ती जागा दिवसभर ऊनऊन असायची. ताजी हाडं तिनं फडक्यात गुंडाळून कामवालीच्या पिशवीत दिली, घरी नेऊन काय करायचं ते कर म्हणून.

पाचला तिनं पाणी वाढवून तेच पातेलं पेटत्या शेगडीवर चढवलं. पदर नाकाला होताच. वास आला, पण मटणाचा वास तिला अकरा वर्षं रोज कुजकाच वाटत आला होता. त्या दिवशी वेगळा काय वाटणार?

विहीणबाई साडेसहाला आल्या.

"नवीन टाकलंत ना?"

"हे काय, उकळतंय की."

उकळत होतं, हे खरंच होतं.

"मीठ?"

"तुम्हीच बघा."

"बारा वाजून गेले," विहीणबाई म्हणाल्या.

"अहो, थेंबभर. थेंबानं काय शील मोडतं?"

"थेंबानं माळ बाटत असेल, तर थेंबानं शीलही मोडतं. तुम्हीच घ्या की बोटावर."

काकीनं गळ्यातली माळ चिमटीत धरून दाखवली. दोघी हसल्या. पातेलं वर गेलं.

पहाटेपासून सहाही जण घाण करू लागले. डॉक्टर आले, सलाइनच्या बाटल्या आल्या. पाच जण सावरले. खिडकीजवळच्या पलंगावरचा शिंपीबाबा तिसऱ्या दिवशी सकाळी गेला. रोज वाटी परत पाठवताना तो निरोप पाठवायचा, "बाईला सांगा, टाका बरोबर बसलाय." कुठल्या बाईला, हे त्यानं कधी सांगितलं नाही. काकी ते स्वतःला घ्यायची.

मॅनेजरनं दोघींना ऑफिसात बोलावलं. शिंपीबाबाचा मुलगा खुर्चीत बसला होता, बूट काढायचेही त्याला सुचलं नव्हतं. मॅनेजरनं काकीला बसायला सांगितलं. विहीणबाईंना नाही.

"सूप तुमच्याकडं. चाखलं होतं?"

"नाही."

"का?"

"पौर्णिमा होती. बारानंतर आम्ही खात नाही."

"एरवी सगळं चालतं आणि त्याच दिवशी धर्म आठवला?" मॅनेजर म्हणाला.

मुलानं विहीणबाईंकडे बघितलं, मग काकीच्या माळेकडे, आणि नजर खाली घेतली. तेवढ्यात त्याचा निवाडा झाला होता.

पातेलं सकाळचं होतं की संध्याकाळचं, हे कुणी विचारलं नाही. विहीणबाईंनी एकदा, एकदाच, काकीकडे पाहिलं. काकीनं तोंड उघडलं. नोकरी गेली तर खोलीचं भाडं कुठून, हे डोक्यात आलं. गुरूंच्या बैठकीतल्या बायका डोळ्यांपुढं आल्या, आणि तिच्यापुढं जोडलेले त्यांचे हात. तोंड पुन्हा मिटलं.

बाहेरच्या बोळात विहीणबाई एप्रन सोडत होत्या. गाठ सुटत नव्हती.

"ते सकाळचंच होतं ना?"

काकीनं मानेनंच हो म्हटलं.

"वाटलं होतं, तुम्ही बोलाल."

"तोंड उघडलं होतं हो मी."

"त्या संध्याकाळी उघडायला हवं होतं," विहीणबाई म्हणाल्या. एप्रन घडी घालून त्यांनी तिच्या हातात दिला आणि गेल्या.

दोन दिवस लेकीचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी काकी मॅनेजरसमोर उभी राहिली. बसली नाही.

"पातेलं मी ठेवलं होतं. ओतून द्या म्हणाल्या होत्या विहीणबाई. मी ओतलं नाही. खोटंही मीच बोलले."

मॅनेजरनं पेन खाली ठेवलं. आवाज मऊ केला.

"काकी, नात्यासाठी हे करताय, कळतं मला. पण अकरा वर्षं मटणाकडं ढुंकून न बघणारी बाई तुम्ही. तुम्ही त्या पातेल्याला शिवलात, हे कोण मानेल? प्रकरण मिटलंय. नवी बाई मिळेपर्यंत सूप तेवढं सांभाळा."

"मी खरं सांगतेय."

"मन मोठं आहे तुमचं," तो म्हणाला आणि फोन उचलला.

काकी खाली आली. छोट्या शेगडीसमोर पहिल्यांदाच उभी राहिली. हाडं धुतली, टाकली, उकळू दिली. या वेळी पदर खांद्यावरच होता. सूप झालं तेव्हा चाखायला कुणी नव्हतं. तिनं पळी घेतली, तळहातावर ओतली. भाजलं. तळहात तोंडाला लावला.

मीठ बरोबर होतं. आणि जीभ अकरा वर्षांनी जागी झाल्यासारखी आणखी मागू लागली. काकीला स्वतःची शिसारी आली, सुपाची नाही.

ट्रे घेऊन ती माडीवर गेली. सवयीनं वाट्या सहा भरल्या होत्या. खिडकीजवळच्या पलंगावर गादीची गुंडाळी होती. दारापाशीच्या आजींनी वाटीकडे हात केला नाही. शिंपीबाबा गेल्यापासून तिथं सगळे आधी एकच विचारायचे.

"कुणी चाखलं?"

"मी."

आजींनी माळेकडे पाहिलं. बोळक्या तोंडानं हसल्या.

"माळ घालून खोटं बोलतेस गं?"

काकीनं ट्रेवरची सहावी वाटी उचलली आणि पाच जणांच्या देखत घटाघटा पिऊन टाकली. हनुवटीवरून ओघळ माळेपर्यंत आला. तिनं तो पुसला नाही.

आजींचं हसू गेलं.

"आज पितेस," त्या म्हणाल्या. "मग त्या दिवशी का नाही?"

"त्या दिवशी माळ जपली, आजी."

आजींनी वाटी घेतली. पण तोंडाला लावली नाही, परतही केली नाही. दोन्ही हातांनी मांडीवर धरून तशाच बसून राहिल्या. सुपावर चरबीची साय धरली तरी काकी समोरून हलली नाही.