तक्त्यातले रिकामे चौकोन

आमच्या वन्सं ताटं मांडताना स्वतःला मोजत नाहीत. "पाच माणसं," असं पुटपुटत पाच ताटं मांडतात, आणि सगळ्यांचं होत आलं की सहावं ताट घेऊन टेबलाच्या कोपऱ्याशी टेकतात. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला ते विचित्र वाटायचं. दोन-तीनदा मी विचारलंही, "वन्सं, तुमचं ताट?" "आहे की," म्हणायच्या. मग मीही विचारायचं सोडलं. माणसाला सगळ्याची सवय होते, दुसऱ्याच्या गैरसोयीची जरा लवकर होते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही. घरातली मागची खोली त्यांची. एका छोट्या कारखान्यात त्या बूट बनवतात, पण दुकानात मांडायचे नव्हेत. एक पाय आखूड असलेली माणसं, टाच न टेकणारी मुलं, अपघातातून उठलेले लोक डॉक्टरची चिठ्ठी घेऊन त्यांच्याकडे येतात. त्या पायाचा साचा काढतात, बुचाची पाचर तासतात आणि ती बुटात अशी बसवतात की बाहेरून काही कळू नये. अठरा वर्षं हेच काम.

तर एका रविवारी नवऱ्याने जाहीर केलं, यंदा सुट्टीत थीम पार्क. थोडंथोडकं नाही, आठ दिवस.

"सगळे?" वन्संनी विचारलं. त्या आमच्या मधल्या मुलाच्या बुटाला नाडी ओवत होत्या.

"सगळे म्हणजे सगळे, ताई."

नाडी भोकाच्या बाहेरच राहिली. मला ते दिसलं. दिसलं नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

आमची मुलं तीन, आणि तिघांची तोंडं तीन दिशांना. थोरली पंधराची. तिला उलटंपालटं करणाऱ्या सगळ्या पाळण्यांत बसायचं होतं आणि त्या वेळी आम्ही तिच्या ओळखीचे नसायला हवे होते. मधला आठ वर्षांचा. त्याला जगात एकच गोष्ट हवी होती: कडेलोट. हा तिथला सगळ्यात उंच पाळणा, वर नेऊन क्षणभर थांबवतो आणि मग सोडून देतो. शेंडेफळ चार वर्षांचं. त्याला फिरत्या कपबशांत बसायचं होतं आणि अस्वलाच्या वेषातला माणूस समोर आला तर लगेच घरी यायचं होतं. तिघांना एकत्र आवडेल अशी या पृथ्वीवर एकच वस्तू, ती म्हणजे माझा मोबाईल.

"हे जमायचं नाही," मी म्हटलं.

"न जमायला काय झालं?" वन्सं म्हणाल्या. "माझ्याकडे एका पायाची दोन मापं घेऊन लोक येतात. ही तर तीन मुलं."

त्यांनी कारखान्यातून साचे कापायचा जाड कागद आणला आणि तक्ता आखायला घेतला. आडवे आठ दिवस, उभे तास. चौकोनाचौकोनांत मुलाचं नाव, पाळण्याचं नाव, सोबत कोण. पार्कच्या चौकशीला त्यांनी तीनदा फोन केला. शेवटी पलीकडची मुलगी आवाज ओळखून म्हणाली, "बोला मावशी, आज काय?" फाटकापासून बाथरूम किती पावलांवर, दुपारी सावली कुठल्या बाकावर, रांग कुठे उन्हात आणि कुठे आडोशाला, सगळं त्यांनी विचारून घेतलं. कडेलोट पहिल्याच दिवशी सकाळी ठेवला, रांग लहान असते म्हणून.

कडेलोटाची एक अडचण होती. उंची एकशे वीस सेंटीमीटर लागते आणि मधला एकशे साडेसतरा. दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने एकशे वीसची खूण केलेली होती. तो येता-जाता तिच्याखाली उभा राहायचा, जसं काही उभ्या उभ्या एकदम वाढणारच आहे.

"अडीच सेंटीमीटर?" वन्सं हसल्या. "अरे, हा तर माझ्या हातचा मळ."

त्यांनी त्याच्या बुटात पाचरा बसवल्या. तो चौकटीला उभा राहिला, आणि डोकं खुणेला बरोबर टेकलं.

"आत्या, हे चीटिंग आहे," थोरली म्हणाली.

"याला आधार म्हणतात. लोक याच्यासाठी चिठ्ठी घेऊन येतात."

"पण तो पडला तर?"

"पट्टा खांद्यावर बसतो, टाचेवर नाही. आणि मी आहे ना खाली उभी."

मधल्याने त्यांच्या कमरेला मिठी मारली. त्यांच्या कमरेला मारायचा, माझ्या नाही. मी कामावरून सातला यायची, त्या चारला. हिशेब सरळ आहे, तरी टोचतो.

आणि एक दिवस वन्सं नवे बूट घालून कारखान्यातून आल्या. राखाडी, मऊ चामड्याचे, रुंद पंजाचे. "स्वतःच्या पायाचा साचा काढला," त्या लाजून म्हणाल्या. "आठ दिवस चालायचंय म्हणून. मुलगी चेष्टा करत होती कारखान्यातली, म्हणे अठरा वर्षांनी गिऱ्हाईक मिळालं." संध्याकाळभर त्या ते बूट घालून घरात चालत होत्या. मागच्या खोलीतून दारापर्यंत, दारापासून मागच्या खोलीपर्यंत.

शनिवारी दुपारी नवरा बुकिंग करायला बसला. वन्सं कामावर होत्या. तक्ता टेबलावर पसरलेला. नावांच्या रकान्यात वन्संच्या टपोऱ्या अक्षरात पाच नावं होती: थोरली, मधला, शेंडेफळ, बाबा, आई. आणि आम्ही दोघं थोरलीबरोबर कुठल्याशा पाळण्यात असू, तेव्हा शेंडेफळाच्या चौकोनात 'सोबत' असं लिहून पुढे काहीच नव्हतं. असे रिकामे चौकोन मोजले तर तीसेक निघाले असते. मी मोजले नाहीत. ते काय आहेत ते मला पहिल्या नजरेत कळलं होतं. पाच ताटं मांडणारी बाई पाचच नावं लिहिणार.

"एका खोलीत पाचच जण राहू देतात," नवरा म्हणाला.

"मग?"

"मग काय?"

"यादीत किती आहेत?"

"पाच."

"मग पाच," मी म्हटलं.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही. मी वाईट बाई नाही, असं मला तेव्हाही वाटत होतं. मला फक्त एकदा, आयुष्यात एकदा, माझ्या मुलांनी माझ्या कमरेला मिठी मारायला हवी होती, कमरेला दुसरा पर्याय नसताना.

"आणि कुंड्यांना पाणी?" नवऱ्याने विचारलं.

"वन्सं आहेत ना."

शेंडेफळ टेबलाखाली गाडी गाडी खेळत होतं.

रविवारी सकाळी नवऱ्याने पोहोचपावती छापून आणली. वन्सं खोलीतून आल्या त्या बूट घालूनच. "झालं बुकिंग? खिडकी कोणाला दिलीस? या तिघांत भांडण नको, मी आपली मधे बसेन."

थोरलीने कागद उचलला आणि नावं मोठ्याने वाचली. पाच वाचली. कागद उलटून पाहिला. मागे पार्कचं हसणारं अस्वल होतं.

"आत्याचं कुठंय?"

नवरा एकदम वकिली आवाजात बोलायला लागला. "अगं ताई, तूच यादी केलीस ना. तूच पाच नावं लिहिलीस. मला वाटलं, तुला एवढं चालणं झेपायचं नाही, म्हणून तू स्वतःच..."

वन्संनी तक्ता पुढे ओढला. एका रिकाम्या चौकोनावर बोट ठेवलं, मग दुसऱ्यावर.

"हे रिकामे आहेत ना," त्या म्हणाल्या, "ते म्हणजे मी."

 घाईने मीच बोलले. "मला वाटलं, त्या वेळी शेंडेफळ झोपलेलं असेल."

"सकाळी दहाला?"

"आता एखादं तिकीट वाढवता आलं तर बघतो," नवरा म्हणाला, आणि खिशातला फोन खिशातच राहू दिला.

तेवढ्यात शेंडेफळ मदतीला धावलं. "आत्या कुंड्यांना पाणी घालणार. आई म्हणाली."

"कधी म्हणाली, राजा?"

"काल. बाबा तिकीट काढत होता तेव्हा."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गिऱ्हाईक दारातून आत आलं की त्या पायाकडे पाहतात, कुठे कमी आहे ते हेरत, तसं पाहिलं. मग खाली बसून बूट काढले.

"तुम्हाला होतील हे," त्या मला म्हणाल्या. "आपलं माप एकच आहे."

"नको वन्सं, तुमचे..."

"मला कुंड्यांपर्यंत जायला काय करायचेत?"

मला वाटलं होतं, रडारड होईल, अबोला होईल. यातलं काहीच झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्यांनी तक्ता नव्याने काढला, जुन्यापेक्षा सुबक. रिकामा चौकोन एकही नाही. प्रत्येकात लिहिलं होतं: आई. आठ दिवस, तीसेक चौकोन, सगळ्या बाकांवर मी. कडेलोट त्यांनी चौथ्या दिवशी नेला.

"का गं आत्या? पहिल्या दिवशी होता ना?" मधला कुरकुरला.

"आधी लहान पाळण्यांची सवय होऊ दे. घाई करून माणूस तोंडावर पडतो."

"पण नक्की ना?"

"माझा हात कधी चुकलाय?"

निघायच्या आदल्या दिवशी त्या त्याचे बूट कारखान्यात घेऊन गेल्या, पाचरा जरा टोचतायत म्हणाल्या, मऊ करून आणते. संध्याकाळी परत आणले. मधला चौकटीला उभा राहिला. डोकं खुणेच्या वरच गेलं. "बघ, वाढलास," वन्सं म्हणाल्या. "आता तिथे जाईपर्यंत आतलं काही काढायचं नाही."

वन्संचे बूट मला इतके नेमके बसले की पायात काही आहे हे कळतच नव्हतं. तीन दिवस मी त्यांच्या बुटांतून चालले आणि साधा एक फोड आला नाही. तक्ताही तसाच. बाथरूम सांगितल्या पावलांवर, सावली सांगितल्या बाकावर. नवरा आणि थोरली वरून किंचाळत जायचे, मधला माझ्याशेजारी बसून पाय हलवत म्हणायचा, "परवा मी," मग "उद्या मी." शेंडेफळ कपबशांतून उतरलं की विचारायचं, "आत्या कुठाय?" तिसऱ्या दिवशी त्याने विचारायचं सोडलं आणि नुसतंच बोटाला धरून बसलं. मिठी काही कोणी मारली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी मधला सगळ्यांच्या आधी बूट घालून तयार. आम्ही रांगेत सव्वा तास उभे राहिलो. दारापाशी गणवेशातली एक पोरगी आडवी काठी घेऊन उभी होती. मधला छाती फुगवून तिच्याखाली गेला. काठी त्याच्या डोक्याला न लागता वरून निघून गेली.

"थोडा कमी आहे," पोरगी म्हणाली.

"नाही! पुन्हा बघा, मी वाकलो होतो."

तिने पुन्हा पाहिलं. टाचा उचलू नकोस म्हणाली. मागची माणसं हसली. एका बापाने आपल्या पोराला सांगितलं, "भाजी खा, नाहीतर असं होतं."

"पुढच्या वर्षी, हं," पोरगी म्हणाली.

नवऱ्याने मागे लांबलेल्या रांगेकडे पाहिलं. "आम्ही दोघं जाऊन येतो. दोन जागा कशाला वाया घालवायच्या?" आणि थोरलीला घेऊन गेला. थोरलीने एकदा मागे वळून पाहिलं. एकदाच.

मी मधल्याला बाकावर बसवलं आणि त्याचा बूट काढला. आत बूच नव्हतं. स्पंज होता. तीन दिवस भरपूर चालून तो कागदासारखा चोपून गेला होता. मी तो दाबला, तो परत फुगला नाही. बूच किती वर्षं टिकतं आणि स्पंज किती दिवसांत बसतो, हे अठरा वर्षं तेच काम करणाऱ्या बाईला विचारायला नको. आणि तिने कडेलोट चौथ्या दिवशी का नेला होता, तेही.

खरं तर एवढ्या लहान पोराला तिथे बसवू नयेच. त्यासाठीच उंचीची अट असते आणि ती त्याच्याच भल्यासाठी असते. हेच वाक्य मी घरी पहिल्या दिवशी म्हणायला हवं होतं. वन्संनी माझ्या मुलाच्या बाबतीत जे बरोबर होतं तेच केलं होतं. इतकं बरोबर, की मला कुणाकडे तक्रार करायची सोय उरली नव्हती.

मी घरी फोन लावला.

"घेतलं का त्याला?" वन्संनी पहिल्याच घंटेला विचारलं. त्या फोनजवळच बसून असणार. तक्त्याची दुसरी प्रत त्यांच्याकडे होती.

"नाही."

"रडला?"

मी उत्तर देण्याआधी मधल्याने फोन ओढून घेतला. त्याचं नाक गळत होतं. "आत्या, तुझी पाचर मोडली गं! तुझी चूक नाही, मी फार चाललो. तू इथे असतीस ना, तर लगेच दुसरी केली असतीस. हो की नाही?"

पलीकडून काही ऐकू येईना. तो "आत्या? आत्या?" करत राहिला, मग फोन खराब झालाय म्हणून त्याने माझ्या हातात दिला. वरून लोक किंचाळत खाली येत होते, त्यात माझा नवरा आणि माझी मुलगी होती.

"वन्सं," मी म्हटलं, "आहात का?"

पलीकडे जाड कागदाची घडी घातल्याचा आवाज आला. 

"कुंड्यांना पाणी घातलंय," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी तक्ता उलगडला. अकरा वाजले होते. पुढचा चौकोन कपबशांचा होता. शेंडेफळ, आणि सोबत आई. त्यापुढे टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं: इथे मधला रुसलेला असेल, त्याला पाणी पाजावं.