दम तुटला की मी वाजते

माझ्या अंगावरची चमक केव्हाच उडाली आहे, मित्रांनो, आणि तोंडाकडची कड दातांनी चेपली आहे. तरी जुनी झाले म्हणून कोनाड्यात गप्प पडून राहणारी शिट्टी मी नव्हे. बुलढाणा जिल्ह्यातल्या धाडजवळच्या एका गावातल्या शाळेत मंजुश्री मॅडम मुलींना कबड्डी शिकवतात. मी त्यांच्या गळ्यात असते.

पितळेच्या पत्र्यातून मी घडले. बुलढाण्याच्या एका दुकानात काचेखाली पडले होते, तिथून मॅडमनी मला उचललं. तेव्हा त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. दुकानातच त्यांनी मला इतक्या जोरात वाजवलं, की दुकानदार म्हणाला, "घ्या मॅडम, तुम्हालेच शोभते." त्या दिवसापासून अकरा वर्षं मी रोज मैदानावर होते. तालुक्याच्या सामन्यांत मॅडम पंच असायच्या आणि माझा आवाज ऐकून दुसऱ्या शाळांच्या मुलीही म्हणायच्या, "धाडकडच्या मॅडम आल्या."

मॅडमचा डावा कान लहानपणापासून वाहायचा. सर्दी झाली की त्यातून पू येई. त्या लसणाचं कोमट तेल टाकत, कापसाचा बोळा घालत आणि मैदानात उतरत. त्यांच्या सासूबाई कलाबाई म्हणायच्या, "दाखव वं पोरी एकदा डॉक्टरले."

"थांबते आई आपोआप," मॅडम सांगायच्या.

मला त्या कानाचा राग येई. पण मला फुंकल्याशिवाय बोलता येत नाही.

तीन वर्षांपूर्वीचा मार्च होता. सकाळची शाळा करून मॅडम दुपारी घरी आल्या त्या डोकं धरूनच. अंग तापलं होतं. दोनदा उलटी झाली. कलाबाईंना वाटलं, ऊन लागलं. त्यांनी तळपायाला कांदा चोळला, पन्हं केलं. मॅडमनी पेला बाजूला सारला. "आई, दार लावा. उजेड खुपते डोळ्यात," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने त्या असंबद्ध बोलू लागल्या. घरात पडल्या पडल्या मैदानावरच्या मुलींची नावं घेऊन ओरडत होत्या.

दोरी गळ्याला काचू नये म्हणून कलाबाई मला काढायला आल्या. त्यांनी मॅडमचं डोकं उशीवरून जरासं उचललं आणि मॅडम किंचाळल्या. मान वाकतच नव्हती. लाकडासारखी ताठ झाली होती. त्यांनी कात्रीने दोरी कापली, मला पदराच्या गाठीत बांधलं आणि दारात जाऊन शेजारच्या जीपवाल्याला हाक मारली, "दयाराम, जीप काढ! आत्ताच्या आत्ता!"

मॅडमचे यजमान नागसेन एसटीत वाहक. ते ड्युटीवर होते. जीपमध्ये कलाबाईंनी सुनेचं डोकं मांडीवर घेतलं होतं. शेजारी नागसेनचे काका पंजाबराव होते.

बुलढाण्याच्या दवाखान्यात डॉक्टर सुवर्णा यांनी मॅडमची मान तपासली, कानात बॅटरी मारून पाहिलं आणि लगेच शिरेतून औषध चालू केलं. मग म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला सूज आली असावी. खात्री करायला पाठीच्या कण्यातलं थोडं पाणी काढावं लागेल. सही द्या."

पंजाबराव आडवे आले. "कमरेत सुई टोचली तं बाई जन्माची अधू होते. नागसेन आल्याबिगर काही करायचं नाही."

"अन् तवर ही राह्यली नाही तं?" कलाबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला. "माही लेक अशीच गेली, भाऊ. तिची मान अशीच ताठ झाली होती. तवा मले कोणी इचारलं नाही. आज मी कोणाले इचारत नाही. बाई, अंगठा कुठं देऊ ते सांग."

पाणी काढलं. ते भाताच्या पेजेसारखं गढूळ होतं. डॉक्टरांनी सगळ्यांना समजावून सांगितलं. हा आजार अनेक कारणांनी होतो. कधी विषाणू असतात, कधी क्षयाचे जंतू, कधी दुसरे जंतू. काही प्रकार खोकल्यातून, थुंकीतून एकमेकांना लागतात. मॅडमचा मात्र कानातून शिरला होता. वर्षानुवर्षं साचलेल्या पूने कानामागचं हाड पोखरलं होतं आणि तिथून जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचले होते.

पाचव्या दिवशी मॅडमनी डोळे उघडले. नागसेन, कलाबाई, पंजाबराव, सगळे एकदम बोलू लागले. मॅडम एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. मग मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही सगळे बोलत काऊन नाही?"

कलाबाईंनी पदराची गाठ सोडली, मला काढलं आणि सारं बळ एकवटून सुनेच्या कानाशी फुंकलं. आयुष्यात मी इतकी कधी वाजले नाही. सगळ्या वॉर्डाने माना वळवल्या. नर्स धावत आली. मॅडमनी मान वळवली नाही. त्यांनी वळलेल्या सगळ्या माना पाहिल्या आणि त्यांना कळलं.

घरी आल्यावर मला खिळ्याला टांगलं गेलं. सहा महिने मी तिथेच होते. मॅडमच्या कानांबरोबर तोलही गेला होता. भिंत धरल्याशिवाय दोन पावलं टाकता येत नव्हती. उन्हात डोकं ठणकायचं. पाठ असलेली नावं आठवायची नाहीत आणि त्या चिडून भांडी आपटायच्या. शेजारच्या बायकांनी चहाला येणं सोडलं. "मेंदूचा रोग आहे, लागते," असं कुणीतरी पसरवलं होतं. कलाबाई मुद्दाम ओट्यावर बसून सुनेच्या कपातला उरलेला चहा प्यायच्या आणि रस्त्याने जाणाऱ्याला ऐकवायच्या, "बघ, मेली का मी?"

मग एका सकाळी मॅडम शेतात गेल्या आणि बांधावरून चालायला लागल्या. पडल्या. उठल्या. रोज पडत होत्या. नागसेन समोर उभे राहून ओठांनी एसटीच्या मार्गावरची गावं बोलत आणि मॅडम ओळखत. डाव्या कानाचं ऑपरेशन झालं, उजव्या कानाला यंत्र बसलं. त्यातून शब्द कळत नव्हते, नुसता गोंगाट यायचा. पाऊस संपता संपता त्या बांधावरून सरळ चालल्या आणि घरी येऊन त्यांनी मला खिळ्यावरून काढलं.

त्या हिवाळ्यात तालुक्याचे सामने होते. संयोजक महादेवराव यांनी मॅडमचं नाव पंचांच्या यादीतून काढलं होतं. त्यांनी कागदावर लिहून दिलं, "तुमच्याबद्दल आदर आहे. पण चढाई करणारी एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत दम घालते की नाही, हे कानानेच ऐकावं लागतं."

मॅडमनी कागद वाचला आणि परत दिला. "माझ्यावर उपकार नका करू, सर. परीक्षा घ्या. तुम्ही पाठ करून उभे राहा. दम तुटलेला ऐकला की हात वर करा. मी बघून शिट्टी मारते."

मैदानाभोवती गर्दी झाली. दहा चढाया ठरल्या. महादेवराव पाठमोरे उभे राहिले. मी मॅडमच्या दातांत होते. चढाई करणारीचा श्वास आत गेला की तिच्या गळ्याजवळचा खळगा आत ओढला जातो, बरगडी वर उचलली जाते. मॅडमची नजर तिथेच खिळली होती. नऊ चढायांत माझा आवाज आणि महादेवरावांचा हात बरोबर जुळले.

दहावी चढाई जानेफळच्या योगिनीची. ती आत घुसली, परतली, पुन्हा वळली आणि मी वाजले. महादेवरावांचा हात खालीच होता.

ते वळले. "मॅडम, दम चालू होता. मी स्वतः ऐकला."

मॅडम त्यांच्या ओठांकडे पाहत होत्या. "तुटला होता," त्या एवढंच म्हणाल्या.

योगिनी रेषेजवळ धापा टाकत उभी होती. तिने मान खाली घातली, मग वर केली. "सर, मॅडम बरोबर आहेत. मी मधीच हळूच श्वास घेतला होता. कोणालेच समजत नाही तो."

महादेवरावांनी खिशातून पेन काढलं आणि यादीत नाव पुन्हा लिहिलं.

मित्रांनो, आता मला थोडं खडसावून बोलू द्या. कान वाहत असेल तर त्यात तेल ओतू नका, डॉक्टरांना दाखवा. ताप, डोकेदुखी, उलटी असेल आणि उजेड सहन होत नसेल, मान वाकत नसेल, तर उन्हाला दोष देत बसू नका. तेव्हाच निघा. या आजाराचे काही प्रकार लसीने टळतात, म्हणून घरातल्या तान्ह्या बाळाच्या लसी चुकवू नका. आणि हा आजार झेलून कुणी परत आलं, तर त्याला काय जमणार नाही, हे परस्पर ठरवू नका.

मॅडमना माझा आवाज आजही ऐकू येत नाही. ओठांना माझी थरथर लागते, तेवढ्यावर त्या मला वाजवतात. ऐकण्याचं काम आता तुमचं. मी वाजले की थांबायचं.