हात मागे

बाईंना अर्धांगाचा झटका आला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं, त्याला तीन महिने झाले. शब्द फुटत, पण चेंदामेंदा होऊन. शेजारीपाजारी अंदाजाने समजून घेत. अडला तो एकटा मुलगा. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आईचे ओठ वाचून तो मोठा झाला होता, आणि ते ओठ आता वाचण्याजोगे राहिले नव्हते.

ते वाचन बाईंनीच शिकवलेलं. त्या काळी मोठमोठे जाणकार सांगत, हातांनी बोलू दिलं की जीभ आळसावते. बाईंनी खूणगाठच बांधली. पोराने खुणा केल्या की त्या ओरडत, "हात मागे!" धड्याच्या वेळी तर त्याचे हात रुमालाने पाठीशी बांधून ठेवत. नणंद एकदा म्हणाली, "वहिनी, पोराचा माणूस करताय की पोपट?" बाईंनी तिच्याशी वर्षभर अबोला धरला.

पुढे त्याने बायको केली, तीही बहिरीच. एका दुपारी बाई न सांगता त्याच्या पुस्तक-बाइंडिंगच्या दुकानात गेल्या. दोघांचे खळीने बरबटलेले हात भराभर चालले होते आणि सून हसून हसून लोळायची तेवढी बाकी होती. आपला मुलगा विनोदी आहे, हे बाईंना त्याच्या चाळिसाव्या वर्षी कळलं. त्यांना दारात पाहताच चारही हात खाली आले. आपण काय करून बसलो, ते बाईंना त्या दिवशी उमगलं. पण कबूल करायला जीभ रेटली नाही. तेव्हा जीभ धड होती.

आता डाव्या हाताने पाटीवर वेडंवाकडं लिहायचं. भूक नाही. गोळी घेतली. एवढ्यावर मायलेकांचं कसं भागावं? एके दिवशी पाय ओढत त्या दुकानात गेल्या आणि पाटी त्याच्यापुढे धरली: मला खुणा शिकव.

त्याने वाचलं. पुस्तकांचा गठ्ठा शिकंज्यात घालून फिरकी आवळली. मग बाईंनीच घडवलेल्या त्या सपाट आवाजात म्हणाला, "आपल्या घरात हात बोलत नाहीत, आई."

बाईंनी पदराने पाटी पुसून लिहिलं: चुकले रे.

"लिहायला काय जातंय!" म्हणून त्याने पाठ फिरवली. त्याने पाठ फिरवली की बोलणं संपलं. हाक मारायची सोय नाही.

बाईंनी पाटीवरचे शब्द सुनेला दाखवले. ती घुटमळली, मग मूठ छातीवर टेकवून हलकेच खाली ओढून दाखवली. बाई टेबलाला वळसा घालून त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. मूठ छातीवर टेकवली. ओढली. चुकतमाकत. पुन्हा. पुन्हा.

त्याने दाभण खाली ठेवलं आणि हात उचलले. आधी सावकाश, मग वाऱ्यासारखे. बोटं, मुठी, तळवे, मध्येच टेबलावर थाप, मध्येच बोट बाईंकडे. सून कासावीस होऊन बघत होती. तिला सगळं कळत होतं. बाईंना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. भांड्यातल्या खळीवर साय धरली, तरी ते हात थांबेनात. पापणी लवली तर हा पुन्हा पाठ फिरवील, या धास्तीने बाई एकटक बघत राहिल्या.