सातची अंगणवाडी

धनीरामने सभागृहातल्या शेवटच्या माणसापर्यंत बोट नेलं, मनातल्या मनात आकडा धरला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. दुसऱ्यांदाही तेवढेच भरले. त्याने सरपंचांकडे पाहून मान हलवली.

“नाही जी. शंभराच्या अर्ध्यालेही पोचत नाही.”

पंख्याखाली बसलेल्या माणसांना यात नवं काही नव्हतं. गावची ग्रामसभा शंभराच्या कोरमअभावी तहकूब व्हायची, माणसं बाहेर जाऊन चहा प्यायची आणि मग तहकूब सभा भरायची. तिला कोरम लागत नाही. विषय वाचले जात, मंजूर होत, उन्हं चढायच्या आत सगळे घरी पोचत. वीरेंद्र सरपंच झाला तेव्हा पहिल्या सभेत त्याला हे खटकलं होतं. नंतर सवय झाली.

“तहकूब लिहा,” तो ग्रामसेवकाला म्हणाला.

बाहेर ग्रामपंचायतीच्या आवारात, कडुलिंबाखाली, गावातल्या बाया दाटीवाटीने बसल्या होत्या. पहाटे जंगलातून आणलेली तेंदूची पानं त्यांनी घरी ओल्या कापडाखाली झाकून ठेवली होती. पुडे बांधायचं काम तसंच टाकून त्या आल्या होत्या. खिडक्या उघड्या होत्या, आतलं बोलणं ऐकू येत होतं. आपण सभेला आलो आहोत याबद्दल त्यांच्यापैकी एकीच्याही मनात शंका नव्हती. आत सासरे बसले होते, भासरे म्हणजे नवऱ्यांचे थोरले भाऊ बसले होते. सुनांनी बाहेर बसायचं, हे कुणी कधी सांगितलेलं नव्हतं, इतकं ते ठरलेलं होतं.

अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षिका रीता मॅडम दारातून बाहेर आल्या आणि सरळ धुरपताकडे गेल्या.

“धुरपताबाई, सभा तहकूब होते आहे.”

“म्हंजे?”

“माणसं कमी पडली. आता पुढची सभा होईल तिच्यात नवा विषय घेता येत नाही. तुमचा विषय नोटिशीत नाही, तो आयत्या वेळी मांडायचा होता. त्यासाठी भरलेली सभा लागते.”

“माणसं कमी?” धुरपताने मागे वळून पाहिलं. “मंग ह्या कोण होत?”

“या बाहेर आहेत. आतले मोजतात.”

 मग रुखमिणी म्हणाली, “घ्या. बिना मोजीच्याच बसलो आपण सकाळपासून,” आणि दोघीतिघी हसल्या. धुरपता हसली नाही.

करडी भागातल्या त्या गावात धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, धुरपताच्या टोळीशिवाय पुरा होत नसे. आषाढात ती बांधीच्या, पाणी भरलेल्या भातखाचराच्या, कडेला उभी राहायची, तिच्या शेजारी ओळ लागायची आणि ओळ मागे मागे सरकत हिरवी होत जायची. मागच्या रोवण्यात तिची सून तृप्ती त्याच ओळीत होती आणि तृप्तीची गुड्डी बांधाच्या धुऱ्यावर, टोपल्याच्या सावलीत. गुड्डी रांगत कधी घसरली ते कुणी पाहिलं नाही. बांधीत पाणी घोट्याएवढंच होतं. तेवढं पुरलं असतं. एका बाईचं पाऊल तिला लागलं म्हणून ती वेळेत सापडली. त्या दिवसापासून तृप्ती रोवण्याला गेली नव्हती, आणि धुरपताला झोपेत गुड्डीचा चिखलाने भरलेला चेहरा दिसत होता.

अंगणवाडी दहाला उघडायची. टोळी सातला बांधीत उतरायची. मधले तीन तास लेकरं धुऱ्यावर. ही वेळ कोण ठरवतं असं धुरपता गावात ज्याला त्याला विचारत फिरली. सगळे म्हणाले, वरून ठरते. रीता मॅडमनी मात्र आणखी एक गोष्ट सांगितली होती: गावाने सभेत ठराव करून मागितलं तर तो ठराव मी वर घेऊन जाईन. तोंडी मागणी मला नेता येत नाही.

धुरपताने पदर डोक्यावरून नीट पुढे ओढला आणि ती सभागृहाच्या दाराशी जाऊन उभी राहिली. उंबरठा ओलांडला नाही. पहिल्याच खुर्चीवर भैयाजी होते, तिच्या नवऱ्याचे थोरले भाऊ. लग्न होऊन आली तेव्हापासून घरात किंवा गावात ती त्यांच्याशी थेट एक शब्द बोलली नव्हती.

“धनीराम,” ती म्हणाली, “सरपंचाले सांग, आमालेही मोज.”

धनीरामने सरपंचांकडे पाहिलं. उत्तर भैयाजींनी दिलं, तेही धनीरामलाच.

“बाईले सांग, ज्याले सभेत बसायचं त्यानं सभेत यावं. आम्ही काही दार लावून नाही बसलो. खिडकीतून सभा होते का?”

हे बरोबर होतं, आणि ते बरोबर आहे हेच धुरपताला टोचलं. तिने मागे पाहिलं. तृप्ती गुड्डीला मांडीवर घेऊन बसली होती. तिचा पदर कपाळाच्याही खाली आला होता. ही पोरगी या दारातून आत येणार नाही, आणि तिच्यासारख्या आणखी कितीतरी येणार नाहीत. आज ओढून आणल्या तरी भिंतीला चिकटून बसतील आणि हात वर करणार नाहीत.

“धनीराम,” धुरपता म्हणाली, “त्यायले विचार, मागच्या साली त्यायच्या बांधीत पऱ्ह्याच्या पेंढ्या कोण फेकत होतं?”

धनीराम गोंधळला. धानाच्या रोपांच्या, पऱ्ह्यांच्या, पेंढ्या रोवणाऱ्या बायांकडे फेकायचं काम पुरुषांचं, हे साऱ्यांना ठाऊक होतं. “आता हे कायले?”

“विचार त खरं.”

“मीच फेकत होतो,” भैयाजी म्हणाले.

“एक पेंढी माह्या पाठीत बसली. तवा मी काय म्हणलं, तेही विचार.”

भैयाजींच्या मिशीखाली काहीतरी हललं. मागच्या खुर्चीवरून कुणीतरी म्हणालं, “शिवी देल्ली होती जी! साऱ्या शिवारानं ऐकली!” आणि पंख्याखालची माणसं खो खो हसली.

हसू ओसरेपर्यंत धुरपता थांबली.

“तवा डोक्यावर पदर नव्हता माह्या. कमरेले होता. बांधीत कोणी भासरा नाही, कोणी सून नाही. हे सारे जाणतात. मंग सभाच बाहेर आणा. आवार पंचायतीचंच आहे ना? झाडाखाली बसा. ते बांधीच समजा.”

वीरेंद्रने ग्रामसेवकाकडे पाहिलं. ग्रामसेवकाचा पेन तहकूब हा शब्द अर्धा लिहून थांबला होता. त्याने खांदे उडवले, म्हणजे नियमात आडकाठी नाही. वीरेंद्र काही क्षण वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहत राहिला. मे महिना होता. मग त्याने खुर्ची मागे सारली.

“खोडा ते,” तो म्हणाला. “धनीराम, टेबल उचल.”

टेबल दारात अडकलं. आडवं केलं, उभं केलं, शेवटी चारही पाय वर करून बाहेर काढलं. बायांनी सरकून जागा केली. माणसं आपापल्या खुर्च्या घेऊन एकेक करत बाहेर आली आणि उन्हात डोळे बारीक करून सावली शोधू लागली. सावलीत बाया होत्या. खुर्च्या सावलीत मावेनात, तेव्हा त्या भिंतीशी ठेवून माणसं जमिनीवर बसली. भैयाजी सगळ्यांत शेवटी आले. ते कडुलिंबाच्या मुळीवर टेकले.

धनीराम मोजायला लागला. या वेळी तो मोठ्याने मोजत होता. तो शंभरच्या जवळ आला तशा बायाही त्याच्याबरोबर आकडे म्हणू लागल्या, आणि शंभर आला तेव्हा असा आवाज उठला की रस्त्यावरून जाणारा एक मोटरसायकलवाला थांबून पाहत राहिला.

“कोरम पूर्ण,” ग्रामसेवक म्हणाला. हे शब्द त्याने या गावात आजवर उच्चारले नव्हते. त्याचा आवाज थोडा चिरकला.

विषय मांडायला धुरपताला फार वेळ लागला नाही. रोवणा चालू असेतोवर अंगणवाडी सातला उघडावी. एवढंच. वीरेंद्रने विचारलं, कोणाची हरकत?

“माही आहे.”

चंद्रकांता उभी राहिली होती. गावची अंगणवाडी सेविका. बायांमधूनच उभी राहिली, म्हणून सगळ्या जास्तच चपापल्या.

“तुले सकाळी उठवत नाही का वो?” एकजण म्हणाली.

“चारले उठतो मी,” चंद्रकांता म्हणाली. “उठायचं दुख नाही. मदतनिसाची जागा खाली आहे. मी एकटी. दारापुढं नहर वाहते. सकाळी सातले साऱ्या गावाची लेकरं माह्या आंगावर टाकून तुमी जान. मी शिजवू का लेकरं पाहू? धुरपताबाई, तुमची गुड्डी बांधीत पडली, पाय लागला, वाचली. नहरात कोणाचा पाय लागंल? लेकरू धुऱ्यावरून उचलून नहरावर ठेवता, अन् त्याले ठराव म्हणता.”

 वीरेंद्र हळूच म्हणाला, “एकच हरकत आहे. बहुमतानं मंजूर करता येते.”

ते धुरपतालाही दिसत होतं. हात वर करा म्हटलं असतं तर रान उगवल्यासारखे हात उगवले असते. तिने चंद्रकांताकडे पाहिलं. ही बाई खोटं बोलत नव्हती.

“थांबा जी,” धुरपता म्हणाली. मग ती सरपंचांकडे पाठ करून टोळीकडे वळली. “आयका वो. रोज टोळीतली एक बाई अंगणवाडीत राहीन. चंद्रकांताच्या हाताखाली. गुत्त्यात तिचा वाटा तसाच.”

“रोवल्याबिगर वाटा?” मागून कुणीतरी विचारलं.

“लेकरं पाहणं काम नाही का?”

“आहे. पण वाटा त आमच्यातूनच जाईन.”

“हो. साऱ्यायच्यातून जाईन. माह्याही.”

 टोळीत गुत्ता, म्हणजे रोवण्याचा ठोक सौदा, ठरायचा तेव्हा कुणी हात वर करत नसे. जिला पटलं ती पदर कमरेला खोचायची. शेवटच्या बाईचा पदर खोचला गेला की टोळी चिखलात उतरायची. धुरपता वाट पाहत उभी राहिली.

तृप्तीने गुड्डीला खाली ठेवलं. भैयाजी समोर, चार हातांवर, बसले होते. तिने कपाळावरचा पदर मागे घेतला, खांद्यावरून ओढला, कमरेला घट्ट खोचला आणि मोकळ्या डोक्याने ताठ बसली. तिच्या शेजारच्या रुखमिणीने खोचला. मग तिच्यामागच्या ओळीने. कडुलिंबाखाली नुसती लुगड्यांची सळसळ ऐकू येत होती. मघा वाट्याचं विचारणारीने जराशी कुरकुर करत खोचला. धुरपताने शेवटी आपल्या डोक्यावरचा पदर काढला, तेव्हा तिचे पांढरे झालेले केस भैयाजींनी पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिले असतील.

“हे असं लिहिता येत नाही,” ग्रामसेवक पुटपुटला. “हात वर करावे लागतील.”

हात वर झाले. चंद्रकांताचाही. भिंतीकडच्या माणसांचे सावकाश वर आले, पण आले. भैयाजींनी झाडाच्या शेंड्याकडे पाहत हात वर केला.

“धनीराम,” ते म्हणाले, “बाईले सांग, यंदा पेंढ्या पाहून फेकीन.”

“आयकलं मी,” धुरपता म्हणाली. थेट.

ठराव तालुक्याला गेला, तिथून भंडाऱ्याला. रीता मॅडम त्याच्या मागे मागे फिरल्या. दोनदा तो शेरा मारून परत आला आणि दोनदा त्यांनी तो पुन्हा पाठवला. आभाळ भरून आलं, पऱ्हे वीतभर झाले, आणि एका दुपारी मॅडम आदेश घेऊन अंगणवाडीत आल्या. बाया दारात, ओसरीवर, नहराच्या काठावर उभ्या राहिल्या. मॅडमनी वाचून दाखवलं. रोवणीच्या हंगामात धानाच्या गावांतल्या अंगणवाड्या सकाळी सातला उघडतील. मदतनीस नसेल तिथे रोवणाऱ्या टोळीने रोज एक बाई द्यावी. जिथे पाणी जवळ आहे तिथे दाराला अर्धी फळी बसवावी.

“अन् आपल्या गावाचं नाव?” रुखमिणीने विचारलं.

“नाही.”

“काहून? आपणच त केलं.”

“तालुक्यातल्या सगळ्या गावांना लागू आहे,” मॅडम म्हणाल्या. “नाव घातलं असतं तर एकट्या आपल्या गावापुरतं झालं असतं.”

 मग कुणीतरी ओळीने गावं म्हणू लागलं, कुणाचं माहेर, कुणाची बहीण, कुणाची लेक दिलेली. यादी बराच वेळ चालली आणि सगळ्यांचे आवाज चढत गेले.

“पहिल्या दिवशी कोण राहते अंगणवाडीत?” चंद्रकांताने विचारलं.

कुणी पुढे येईना. रोवण्याचा पहिला दिवस चुकवायची कुणालाच हौस नव्हती.

“आई राहतीन,” तृप्ती म्हणाली.

धुरपताने तिच्याकडे पाहिलं. बाया जोरात हसल्या, आणि दोघीतिघींनी तिथल्या तिथे पदर कमरेला खोचले. मग सगळ्यांनी.

पहिल्या दिवशी सकाळी धुरपता अंगणवाडीच्या दारात, नव्या फळीमागे उभी होती. चंद्रकांता आत शिजवत होती. गुड्डी आणि आणखी एक लेकरू एकाच डब्यावरून भांडत होती. नहराच्या पलीकडे भैयाजींच्या बांधीत टोळी उतरली होती. धुरपताच्या जागेवर, ओळीच्या कडेला, तृप्ती होती. ओळ मध्येच वाकडी झाली होती. इथून स्पष्ट दिसत होतं. हाक मारायला धुरपताने दोन्ही हात तोंडाशी नेले.

तेवढ्यात तृप्तीने कंबर सरळ करून काहीतरी म्हटलं. बाया हसल्या. ओळ सरळ झाली आणि मागे सरकू लागली. ती काय म्हणाली ते इतक्या लांब ऐकू आलं नाही. धुरपताने हात खाली घेतले. जराशी थांबली. मग ती आत वळली आणि लेकरांमध्ये जाऊन खाली बसली.