गुंडूच्या नंबरावर

फोन आला तेव्हा मी संत्री सोलत होते आणि जरीनाभाभी केळी निम्मी करून परातीत मांडत होती. रेसच्या शेवटच्या कमानीपाशी हलगी कडाडत होती, पळून आलेल्यांचे फोटो निघत होते आणि माईकवरचा माणूस घसा फोडून एकेकाचं नाव पुकारत होता. पलीकडून कोण काय बोलतंय तेच मला कळेना. दुसऱ्या कानात बोट घालून मी ओरडले, जरा मोठ्यानं बोला की ओ.

"गुंडू चौगुले तुमचे कोण? रेसमध्ये पडलेत. दवाखान्यात आणलंय. लगेच या."

त्यानं दवाखान्याचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

गुंडू चौगुले म्हणजे आमचे मालक. पहाटे माझ्या हातचा चहा पिऊन, क्लबचा पिवळा टी-शर्ट घालून, छातीवरचा नंबर तिकडं गेल्यावर लावतो म्हणत घरातून गेलेले. गेला महिनाभर टाच धरून कुरकुरत होते. दुखतंय तर पळू नका, असं मी म्हटलंही होतं, पण आमच्या घरात माझं ऐकतंय कोण. आता टाच दुखून काही माणूस दवाखान्यात जात नाही. म्हणजे छातीतच कळ आली असणार, असं माझ्या मनानं ठरवून टाकलं.

जरीनाभाभीनं माझं तोंड बघितलं, हातातून फोन काढून घेतला आणि काय झालं ते माझ्याकडून वदवून घेतलं. ती आमच्याच गल्लीतली, शबनूरची आई. तिचे मालक शमशुद्दीनभाई मोटरसायकलच्या सीटला कव्हरं शिवतात. आमच्या पहाटेच्या क्लबात तेही पळायला येतात, पण रेस कधी पळत नाहीत. दर वर्षी वाटेवर क्लबचं पाण्याचं टेबल असतं, ते सांभाळतात. आम्ही बायका शेवटाला फळं कापत बसतो आणि क्लबातला शेवटचा गडी कमानीतून आत येईपर्यंत कुणी एक फोडसुद्धा तोंडात घालत नाही, अशी आमची रीत. भाभीनं परातीवर फडकं टाकलं, मला दंडाला धरून उभं केलं आणि तिच्या गाडीवर मागं बसवलं.

"रडू नगं. तुझे मालक दांडगे हायत. काय हुतंय त्येस्नी?"

असं म्हणाली खरी, पण गाडी चालवता चालवता तिनं दुवा मागायला सुरुवात केली होती. मध्ये मध्ये गुंडूभाऊ, गुंडूभाऊ असं मला ऐकू येत होतं आणि त्यानं मला जास्तच भीती वाटत होती. डोळ्यांपुढं काय काय यायला लागलं ते सांगू नये. आमच्या दारातली गर्दी दिसली, चपलांचा ढीग दिसला. पोरीला कुणी आणि कसं कळवायचं, इथपर्यंत मी जाऊन पोचले. अजून दवाखाना आला नव्हता आणि मी मनात त्यांना खाली ठेवून मोकळी झाले होते. माणसाचं मन किती वंगाळ असतं बघा.

रेससाठी रस्ते बंद केले होते. चौकात दोरी लावली होती आणि पोलिसानं गाडी अडवली. भाभीनं त्याला सगळं सांगितलं. तो बिचारा हळहळला, पण गाडी सोडता येत नाही म्हणाला. पळणाऱ्यांच्या कडेकडेनं चालत जा, दवाखाना पुढच्याच वळणावर आहे. भाभीनं गाडी तिथंच टाकली, बुरख्याचा घेर मुठीत धरला आणि माझा हात ओढत निघाली.

आम्ही चालत नव्हतो, पळत होतो. मी साडीत, ती बुरख्यात. कडेला उभ्या असलेल्या लोकांना वाटलं, ह्या पण रेसमधल्याच. टाळ्या पडायला लागल्या. एक बाप्या ओरडला, "शाब्बास वैनी, सोडायचं न्हाय!" कुणीतरी माझ्या तोंडावर गार पाणी मारलं. मला त्या सगळ्यांचा असा राग आला की थांबून एकेकाला शिव्या घालाव्यात. माझा संसार बुडायला निघालाय आणि ह्यांना टाळ्या सुचतात.

तेवढ्यात भाभीनं माझा हात हिसडला.

"क्रांती, अगं त्ये बघ. त्ये बघ की!"

समोर आमच्या क्लबचं पाण्याचं टेबल होतं. टेबलामागं पिवळ्या टी-शर्टात आमचे मालक उभे होते. धडधाकट. एका हातात जग, दुसऱ्या हातात पेला, आणि पळणाऱ्या कुणाला तरी चेष्टेनं काहीतरी बोलून हसत होते.

मी टेबल ओलांडून कशी गेले ते मला आठवत नाही. त्यांचा शर्ट धरला, छातीवर दोन बुक्क्या मारल्या आणि मोठ्यानं रडले. मला आनंद झाला होता. पोटातून झाला होता, लपवत नाही. जरीनाभाभी माझ्यामागं उभी राहून हसत होती, डोळे पुसत होती, अल्लाचे आभार मानत होती. ह्यांना काहीच कळेना. मी हुंदके देत देत विचारलं, मग तुम्ही पडलाय म्हणून मला फोन कुणी केला?

ह्यांच्या हातातला पेला खाली आला. त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझ्या खांद्यावरून भाभीकडं बघितलं. अठरा वर्षांच्या संसारात ह्यांचं तोंड असं उतरलेलं मी बघितलं नव्हतं.

भाभी अजून हसतच होती. टेबलाच्या आजूबाजूला बघत तिनं विचारलं, "शबनूरचे अब्बा कुठं गेल्यात ओ? हितंच असत्यात न्हवं?"

मला तेव्हाच कळलं. तिला कळायला अजून एक क्षण होता, आणि तेवढा वेळ मला तिच्या तोंडाकडं बघावं लागलं.

त्याचं असं झालं होतं. टाच दुखते म्हणून ह्यांनी पळायचं रद्द केलं, पण नंबर वाया जातोय ह्याची हळहळ. आमच्या कोल्हापुरात वस्तू वाया गेलेली कुणाला बघवत नाही, मग तो जेवणातला रस्सा असो नाहीतर रेसचा नंबर. क्लबात असं सगळेच करतात. एकाला जमलं नाही की त्याचा नंबर दुसरा लावतो, हितं कोण बघतंय. शमशुद्दीनभाईंची लेक शबनूर पुण्याला नोकरी करते. ती बापाला दर वर्षी म्हणायची, अब्बा, एकदा तरी गळ्यात मेडल घालून फोटो पाठवा. भाई कसले पाठवतात. पहाटे सगळ्यांच्या गाड्यांच्या किल्ल्या आपल्या कमरेच्या पिशवीत घेऊन सगळ्यांच्या मागनं पळणारा हा माणूस. फोटोला बोलवलं तर फोटो काढायला पुढं यायचा, फोटोत यायचा नाही. रेसला नाव घालू की नको करता करता मुदत टळून गेली. तेव्हा ह्यांनी आपला नंबर काढून त्यांच्या छातीवर लावला. भाभीला आणि मला सांगायचं नाही, मेडल घेऊनच दोघींच्या पुढं उभं राहायचं, असं दोघांचं ठरलेलं. भाई भीत होते, कुणी विचारलं तर? ह्यांनी सांगितलं, विचारलं तर माझं नाव सांगायचं. बिनधास्त.

हे सगळं ह्यांनी तिथं टेबलापाशी चार तुटक्या वाक्यांत सांगितलं. भाभीनं एकच शब्द काढला.

"इंजेक्शन."

आणि मग मलाही आठवलं. दोन वर्षांमागं पाठ धरली म्हणून भाईंना कुणीतरी दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं होतं. भाईंचा गळा सुजला, श्वास बंद व्हायला आला, तोंड निळं पडलं. सगळी गल्ली तेव्हा दवाखान्यात बसून होती. पुन्हा हे औषध टोचलं तर माणूस हाताला लागणार नाही, असं डॉक्टरनं भाभीला बजावून सांगितलं होतं. आणि आज त्यांच्या छातीवरच्या नंबराच्या मागं माहिती होती ती आमच्या ह्यांची. रक्तगट ह्यांचा, फोन माझा, आणि कुठल्या औषधाचा त्रास आहे का, तर नाही. पडलेल्या, फुटलेल्या माणसाला दवाखान्यात पहिलं काय टोचतात? तेच.

आलेल्या फोनवर मी परत फोन लावला. बिझी. परत लावला, परत बिझी. भाभी थांबलीच नाही, ती निघालीसुद्धा होती. आम्ही दोघं तिच्यामागं. हे टाच ओढत पळत होते आणि मोठ्यानं काहीतरी बडबडत होते, बहुतेक स्वतःलाच शिव्या घालत होते. आता टाळ्या कानावर पडत होत्या की नाही, कुणास ठाऊक. भाभी आमच्यापुढं गेली होती, आणि ती दुवा मागत होती का ते मला मागनं ऐकू येत नव्हतं.

दवाखान्याच्या खिडकीवर भाभीनं धापा टाकत विचारलं, शमशुद्दीन जमादार कुठं ठेवलेत? पोरगी मशीनमध्ये बघून म्हणाली, असं कुणी आलेलं नाही. भाभी माझ्याकडं वळली. तिच्या डोळ्यांत आशा आली होती, आणि ती मोडायचं काम माझ्यावर आलं. मी पुढं झाले आणि गुंडू चौगुले म्हणून आलेला पेशंट कुठं आहे ते विचारलं. आत, उजव्या हाताला.

आतल्या दारात शिपाई उभा होता. एकाच नातेवाइकाला सोडतो म्हणाला. "गुंडू चौगुलेंची बायको कोण?"

तशी मीच होते. भाभीनं मला हातानं बाजूला केलं.

"नाव दुसऱ्याचं हाय. नवरा माझा हाय. व्हा बाजूला."

तो नाही झाला तर ती त्याला ढकलून गेली आणि तिच्यामागं आम्हीही घुसलो. पडद्याआड भाई पडलेले. कपाळ फुटलेलं, खांदा वाकडा झालेला, अंगातला तो पिवळा टी-शर्ट कात्रीनं कापलेला. डॉक्टर पोरगेलेसे होते. शेजारी सिस्टरच्या हातात सुई भरून तयार होती. भाभीनं सिस्टरचं मनगटच धरलं. ते इंजेक्शन ह्यांना चालत नाही, गळा सुजतो, जीव जातो, असं ती एका दमात बोलून गेली. ह्यांचं नाव शमशुद्दीन हाय, गुंडू न्हाय.

सिस्टरचा हात थांबला, पण डॉक्टर चिडले. पेशंट मघाशी शुद्धीवर आला तेव्हा त्यानं स्वतः नाव सांगितलंय म्हणाले, गुंडू चौगुले, दोनदा विचारलं, दोन्ही वेळेला तेच. तुम्ही चुकीच्या पेशंटपाशी आलाय, बाई. बाहेर व्हा.

भाभीनं मनगट सोडलं नाही. डॉक्टरांनी एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा आमच्याकडं, आणि मग भाईंच्या तोंडाशी वाकून तिसऱ्यांदा विचारलं. तुमचं नाव काय?

भाईंनी डोळे उघडले. भाभी दिसली असणार, मी दिसले असणार, पण त्यांनी बघितलं ते आमच्या मालकांकडं. ओठ सुकले होते. नजरेत भीती होती, आणि ती स्वतःच्या जिवाची नव्हती.

"गुंडू," ते म्हणाले. "गुंडू चौगुले."

आमचे मालक पलंगाच्या पायथ्याशी खाली बसले. भाईंचे पाय दोन्ही हातांनी धरले आणि एवढा मोठा बाप्या पोरासारखा रडायला लागला.

"भाई, खरं सांगा. माझं कोण काय करत न्हाय. खरं नाव सांगा की ओ."

भाईंनी मान डॉक्टरांकडं वळवली आणि शाळेत मास्तरांनी उभं केल्यावर सांगतात तसं, एकेक शब्द सुटा करून, गावासकट सांगितलं.

"शमशुद्दीन. इब्राहिम. जमादार. मुरगूड."

डॉक्टरांनी भाभीकडं बघितलं.

"व्हय," ती म्हणाली. "हेच." आणि सिस्टरचं मनगट सोडलं.