न्या कांदिदाच्या डब्यातली हिरवी सुई

डबा म्हटलं की तुमच्या तोंडाला पाणी सुटत असेल. पण माझ्यात खाऊ नाही मित्रांनो, सुया आहेत. मी आहे एक जुना, चपटा, स्टीलचा डबा. मुक्काम यागुआरोन, देश पाराग्वे. माझी मालकीण कांदिदा. तिला सगळी आळी मानाने 'न्या कांदिदा' म्हणते. माझं झाकण सैल आहे, त्यामुळे कोणी टेबलाजवळून नुसतं गेलं तरी मी खडखडतो. स्वभावही तसाच. जरा कुठे खुट्ट झालं की माझ्या जिवाची घालमेल सुरू होते. डब्याला कसला आलाय जीव, असं कोणी म्हणेल. म्हणू दे बापडा. पण जे झालं ते आत दाबून ठेवणं मला काही जमत नाही.

मी आधी न्या कांदिदाच्या धर्ममातेकडे होतो. ती गावातली सुईण. तेव्हा काचेची पिचकारी असायची आणि त्याच त्या सुया पुन्हा पुन्हा वापरायच्या. माझ्यात पाणी भरून मला शेगडीवर चढवायचे आणि सुया वीस मिनिटं खळखळा उकळायच्या. खालून चटके मला, वर नाव पिचकारीचं! पण ते दिवस चांगले होते हो. धर्ममाता म्हातारी झाली तेव्हा तिने कांदिदाला समोर बसवलं आणि तिचा दंड चिमटीत धरून दाखवला. वर कातडी, तिच्याखाली चरबी, त्याखाली मांस. कुठलं औषध कुठे जायचं ते आधी बघ, औषध पातळ आहे की दाट ते बघ, माणूस किती जाड आहे ते हाताने चाचपून बघ, आणि मगच सुईला हात लाव, असं तिने बजावलं. कांदिदाने ते डोक्यात पक्कं बसवलं.

आणि खरंच, तिची निवड चुकायची नाही. समोरच्या घरातल्या कराई सिल्विनोंना ('कराई' म्हणजे आपलं 'राव') रोज साखरेच्या आजाराचं इंजेक्शन लागे. ते कातडीखालीच जायला हवं, म्हणून त्यांचं पोट चिमटीत धरून ती सगळ्यात बारीक, सगळ्यात आखूड सुई घ्यायची. एखादी काटकुळी म्हातारी ताकदीचं इंजेक्शन घ्यायला आली तर मधली सुई, कारण लांब सुई घेतली तर सरळ हाडाला लागायची. आणि धिप्पाड खाटीक आला तर लांबातली लांब. तो दारातूनच घामाघूम होऊन यायचा.

पुढे एकदाच वापरून फेकायच्या सुया आल्या. मला उकळणं बंद झालं. मी सुटकेचा श्वास टाकला खरा, पण आता आपल्याला अडगळीत टाकतात की काय, या धास्तीने चार दिवस माझं झाकण जागेवर बसेना. न्या कांदिदाने मला टाकलं नाही. माझ्यात पुठ्ठ्याचे कप्पे केले आणि पाकीटबंद सुया रंगांनुसार लावल्या. हिरव्या बुडाची सुई जाड आणि लांब. निळी मधली. नारिंगी बारीक आणि आखूड. त्यांच्यावर नंबर असतात, आणि नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ही उलटी तऱ्हा कोणाच्या डोक्यातून निघाली कोण जाणे, मला तर ती अजून पचलेली नाही.

न्या कांदिदाचा हात हलका, तिचं इंजेक्शन कळतसुद्धा नाही, अशी तिची ख्याती होती. बायका ओसरीवर थंडगार तेरेरे पीत आपला नंबर यायची वाट बघायच्या आणि हेच बोलायच्या. तिला ते ऐकायला आवडायचं. कोणाला नाही आवडणार? मग एके दिवशी मोठ्या रस्त्यावर औषधाचं नवं दुकान उघडलं. दारावर पाटी लावली, 'इथे न दुखता इंजेक्शन मिळेल.' ओसरीवरच्या दोन बायका तिकडे गेल्या. मग चार. न्या कांदिदाचा हात नारिंगी कप्प्याकडे जास्त वळायला लागला. नारिंगी सुई टोचलेली कळत नाही ना! हळूहळू हिरव्या सुया संपल्या, तिने नव्या आणल्याच नाहीत. माझा तो कप्पा रिकामा पडला आणि तेव्हापासून माझी झोप उडाली.

त्याच सुमारास लिब्रादा यायला लागली. वय बावीस, अंगाने चांगली भरलेली, हसरी, बडबडी. डोक्यावर गरम चिपाची, म्हणजे चीज घातलेल्या पावांची, टोपली घेऊन ती हमरस्त्यावरच्या बसमध्ये चढायची आणि पुढच्या थांब्याला उतरायची, दिवसभर. लहानपणी तिला सांधेतापाने धरलं होतं आणि तो ताप हृदयाच्या झडपेला चाटून गेला होता. तो पुन्हा उलटू नये म्हणून दर एकविसाव्या दिवशी तिला एक इंजेक्शन घ्यावं लागे. आरोग्यकेंद्रातली नर्स निल्साबाई ते तिला स्वतः टोचायची. पण केंद्र दुसऱ्या टोकाला, तिथली रांग लांब आणि लिब्रादाचा धंदा सकाळचा. तेव्हा औषधाची बाटली घरी न्यावी आणि न्या कांदिदाकडून टोचून घ्यावी, असं ठरलं. निल्साबाईने बाटलीबरोबर एक हिरवी सुईही दिली होती.

ती सुई माझ्यापर्यंत पोचलीच नाही. लिब्रादाने ती वाटेतच फेकून दिली.

"न्या, ती दाभणासारखी सुई नको हं," ती म्हणाली. "तुमची ती बारीक घ्या. तुमच्याकडे आले ते त्यासाठीच ना."

न्या कांदिदाने बाटलीतल्या भुकटीत पाणी घातलं. औषध दुधासारखं पांढरं आणि दाट झालं. ते नारिंगी सुईतून उतरेना. सुई तुंबली. दुसरी घेतली, तीही तुंबली. मी एवढा खडखडलो की तिने मला हाताने दाबून धरलं. मग तिने दुप्पट पाणी घातलं, औषध दोन पिचकाऱ्यांत भरलं आणि अंगठा पांढरा पडेस्तोवर दाबून दोन्ही बाजूंना टोचलं. लिब्रादाला काही कळलंसुद्धा नाही. तिने ओसरीवर जाऊन सगळ्यांना तसं सांगितलं आणि गेलेल्या बायकांपैकी तिघी परत आल्या.

असं चार वेळा झालं. दर वेळी लिब्रादाच्या इंजेक्शनच्या वहीत तारीख पडायची, सही व्हायची. आणि औषध? ते चरबीतच अडकून राहायचं. तिच्या कमरेखाली दोन्हीकडे गाठी आल्या, टणक, लिंबाएवढ्या. ती हसण्यावारी न्यायची. मग एका सकाळी तिचा गुडघा सुजला. दोन दिवसांनी मनगट. अंगात ताप भरला आणि बसच्या पायऱ्या चढताना धाप लागायला लागली. तिला असुन्सिओनच्या मोठ्या इस्पितळात नेलं, आणि ती वाचते की जाते हे आठवडाभर कोणाला सांगता येईना.

निल्साबाई मोटारसायकलवरून आमच्याकडे आली ती तडक माझ्यापाशीच. हातात लिब्रादाची वही होती. एकही तारीख चुकलेली नाही, मग ताप उलटला कसा, हे तिला कळत नव्हतं. तिने माझं झाकण उघडलं. रिकाम्या कप्प्यात बोट घातलं.

"न्या कांदिदा, हिरव्या कुठे आहेत?"

मला वाटलं, आता ती म्हणेल की मला माहीत नव्हतं, मी काय शिकलेली नर्स आहे? तसं म्हणाली असती तर कोणी तिला धरलं नसतं. पण ती तसं म्हणाली नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "पहिली सुई तुंबली तेव्हाच कळलं होतं. पण तिला दुखलं असतं. आणि ती बाहेर जाऊन सांगणार होती, दुखलं की नाही ते."

निल्साबाई ओरडली नाही. तिने खिशातून हिरव्या सुयांची पाकिटं काढली, रिकाम्या कप्प्यात ठेवली आणि गेली. त्या दिवशी मी मुळीच खडखडलो नाही. लाजेने गार पडलो होतो.

लिब्रादा वाचली. पण झडप आधीपेक्षा सैल झाली आहे, आता एकही इंजेक्शन वाया जाता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं. न्या कांदिदाने इस्पितळात जाऊन तिला सगळं खरं सांगितलं होतं. त्यामुळे ती पुन्हा आमची पायरी चढेल असं मला वाटत नव्हतं. पण ती आली. टोपलीशिवाय, आईच्या खांद्याला धरून.

"सुई मीच फेकली होती, न्या," ती म्हणाली. "आज तुम्ही घ्या ती हिरवी. पण हात धरा माझा."

"हात धरायला आई आहे. मला दोन्ही हात लागतील," न्या कांदिदा म्हणाली. "आज दुखेल पोरी. ओरडायचं तर खुशाल ओरड, लाजू नकोस."

तिने बाटली तळहातांत धरून ऊबदार केली. सांगितलं होतं तेवढंच पाणी घातलं. मांसल भाग चाचपला, गाठी सोडून जागा निवडली आणि हिरवी सुई सरळ बुडापर्यंत आत घातली. औषध सावकाश ढकललं. लिब्रादा अशी काही ओरडली की ओसरीवरच्या बायका उठून उभ्या राहिल्या. एकीच्या हातातलं तेरेरे सांडलं. न्या कांदिदा सुई टाकून बाहेर गेली आणि दारात उभी राहून म्हणाली, "ऐकलंत ना? आजवर तुमच्यातल्या कोणाकोणाला मी दाट औषध बारीक सुईने दिलंय. त्यांनी आत या, गाठी आहेत का बघू दे."

दोघी आत आल्या. बाकीच्या औषधाच्या दुकानाकडे गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत.

आता ओसरी रिकामीच असते. पण एकविसाव्या दिवशी लिब्रादा येते. सकाळपासून माझा जीव वरखाली होत असतो. आली नाही तर? वाटेत मन बदललं तर? मग ती येते, पालथी पडते आणि घसा फोडून ओरडते, आणि त्या ओरडण्याने मला इतकं बरं वाटतं म्हणून सांगू! मित्रांनो, एखाद्या दिवशी तुमच्यासमोरही कोणीतरी माझ्यासारखा डबा उघडेल. दुखेल का, असं जरूर विचारा, त्यात कमीपणा नाही. पण त्याआधी विचारा, औषध जिथे जायला हवं तिथे या सुईने पोचेल का? आणि उत्तर मिळेपर्यंत बाही वर करू नका.